डाव्या दंडातलं बटण

जनार्दन, गेल्या महिन्यात सोमवारी सकाळी रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या घरी तुझा मृत्यू झाला. वय पंचेचाळीस. कारण, डाव्या दंडातल्या मज्जातंतूच्या आवरणातून वाढलेली कर्करोगाची गाठ. ती फुफ्फुसांत पसरली होती. शेवटी जवळ सुरेखावहिनी आणि प्राची होत्या. मी नव्हतो. मी पेणहून निघालो होतो, नागोठण्याच्या अलीकडे फोन आला.

आमच्या वर्तमानपत्रात बातमी मीच दिली. गडबच्या कबड्डी संघाचा एके काळचा डावा कोपरा सांभाळणारा खेळाडू, पुढे रोह्यात मुलींच्या संघाचा प्रशिक्षक, कंपनीत ऑपरेटर, मागे पत्नी आणि एक मुलगी. डेस्कवर कोणीतरी 'अल्पशा आजाराने' असं घातलं होतं, ते मी काढायला लावलं. आजार अल्प नव्हता. तो तू कित्येक वर्षं बाही वर करून लोकांना दाखवत होतास.

बातमीत बसलं नाही ते इथे लिहितो आहे. तुझा-माझा एक वाद अर्धवट राहिला. तो प्राचीच्या उजव्या हाताचा होता. तू गेल्यानंतर त्यात काय झालं ते तुला सांगायचं आहे, आणि जेवढं खात्रीचं आहे तेवढंच सांगणार आहे.

आधी बटण. गडबला शाळेमागच्या मैदानावर सराव संपला की तू मातीतच फतकल मारायचास आणि संघात नव्याने आलेल्या पोराला बोलवायचास. "ये, हितं दाब. हळू, नायतर शॉक बसंल." दंडाच्या आतल्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती. ती दाबली की तुझ्या करंगळीपर्यंत झिणझिण्या जायच्या. करंगळी टुणकन उडवायचं नाटक मात्र तुझं स्वतःचं. पोरगं दचकलं की तू म्हणायचास, "गावातली लाइट गेली तरी हितली जात नाय." सगळे हसायचे. मीही हसायचो. गाठ डावी-उजवीकडे हलायची, पण वर-खाली सरकायची नाही, दोरीला मारलेल्या गाठीसारखी. तेही तू दाखवायचास.

ती कुठून आली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं होतं. "खांबवाल्यांची आठवण." खांब गावच्या मैदानावर एका सामन्यात चौघांनी तुला धरून दंड पिरगाळला होता, हे खरं आहे, मी तो सामना पाहिला आहे. कबड्डी खेळणाऱ्याच्या अंगावरची प्रत्येक सूज कुठल्या ना कुठल्या सामन्याच्या नावावर जमा असते. गुडघा नागोठण्याचा, खांदा पेणचा, दंड खांबचा. एकदा सामन्याचं नाव लागलं की ती गाठ डॉक्टरला दाखवायची कोणाला सुचत नाही. गावातला एक जुना खेळाडू गरम तेल लावून ती चोळायचा आणि तू टॉवेल दातांत धरायचास. तो म्हणायचा, "फुटतेय गाठ, सोस जरा." गाठ फुटत नव्हती.

दुसरी गोष्ट तुझ्या पाठीची. पाठीवर आणि कमरेवर चहा सांडल्यासारखे फिकट तपकिरी डाग होते, काखेत बारीक ठिपके. तुझी आई म्हणायची, "आमच्या घरातलाच हाय तो रंग, त्याच्या आज्याला पण व्हता." प्राची जन्मली तेव्हा तिच्या पाठीवरही ते निघाले. तुला त्याचा अभिमान होता. "शिक्का मारूनच आणलीय," असं तू बारशाला सगळ्यांना सांगत होतास.

मग गाठ वाढली. सुपारीची लिंबाएवढी झाली, ती काही महिन्यांत. न दाबता दुखू लागली. रात्रपाळी करून आलास की झोप लागत नाही, असं तू फोनवर म्हणालास आणि लगेच विषय बदललास. जुन्या खेळाडूंच्या सामन्यात एक चढाईपटू तुझ्या पकडीतून सुटून गेला. पंधरा वर्षांत तुझ्या हातून घोटा सुटलेला मी पाहिला नव्हता. तू म्हणालास, त्याच्या पायाला तेल होतं. हातात हात घेतला तेव्हा मला दिसलं, अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग आत गेला होता, तिथे खड्डा होता.

पेणच्या डॉक्टरांनी आधी चरबीची गाठ सांगितली. जागा बधिर करून अर्ध्या तासात काढू म्हणाले. मी बाहेर बाकावर होतो. आतून तुझा आवाज आला, तसा आवाज मी मैदानावर कधी ऐकला नव्हता. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. त्यांनी जे सांगितलं ते मी तिथेच लिहून घेतलं, सवयीने. "चरबी नाही. वरून एक नस गाठीत शिरतेय आणि खालून बाहेर पडतेय. मेंदूचा हुकूम बोटांना नेणारी नस आहे ती. मी पुढे गेलो तर हात जाईल. मी शिवून टाकतो, तुम्ही मुंबईला जा." त्यांचा निर्णय बरोबर होता, हे पुढे मुंबईत दोनदा सांगण्यात आलं. तू मात्र त्यांच्यावर चिडलास. गाडीत बसल्यावर म्हणालास, "उसवलं आनि परत शिवलं. टेलर असता तर पैसे मागं घेतले असते."

मुंबईच्या डॉक्टर बाई हाताच्या नसांचीच ऑपरेशनं करतात. त्यांनी दंडाला हात लावायच्या आधी शर्ट काढायला सांगितला आणि तुझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. पाठीवरचे डाग एकेक करून पाहिले. पुढे आल्या आणि टेबलावरचा साधा कागद उचलला. त्याची घडी तुझ्या अनामिका आणि करंगळीच्या मध्ये ठेवली. "घट्ट धरा. मी ओढते, सोडायचं नाही." कागद आवाज न करता निघून आला. त्यांनी तो परत ठेवला. परत निघाला. तू तिसऱ्यांदा स्वतःहून हात पुढे केलास आणि चेहरा लाल होईपर्यंत जोर लावलास. तिसऱ्यांदाही निघाला.

मग त्यांनी विचारलं, "मुलं किती?"

"एकच. मुलगी. का?"

"तिच्या पाठीवर असे डाग आहेत?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी सांगितलं, आहेत.

त्या म्हणाल्या, हे डाग आणि नसांवरच्या गाठी एकाच कुळातल्या, घराण्यातून येणाऱ्या. बहुतेक गाठी आयुष्यभर साध्या राहतात, एखादी बिघडते. तुमची बिघडली असावी असं मला वाटतं, सुईने तुकडा काढल्याशिवाय नक्की सांगणार नाही. मुलीलाही एकदा आणा.

परतताना वडखळला चहा घेतला. तू कप खाली ठेवून म्हणालास, "बाई जास्त बोलते. आलो होतो माझा हात दावायला, हिनं घरातल्या मानसांची गिनती चालू केली."

तुकड्याचा अहवाल वाईट आला. नस वाचवून गाठ काढता येणार नव्हती. नसेचा तेवढा भाग, भोवतीचा स्नायू, सगळं एकत्र काढायचं, मग रेडिएशनचे शेक. तू एकच प्रश्न विचारलास. "पकड राहील?" डॉक्टर बाईंनी गोड उत्तर दिलं नाही. अंगठा आणि दोन बोटं बरीचशी चालतील, करंगळीकडची ताकद जाईल, चिमटीतला जोर जाईल. तू सही केलीस. त्या वेळी तू जे धैर्य दाखवलंस त्याबद्दल मी तुला काही बोललो नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. जखम भरली. अनामिका आणि करंगळी आत वळून राहिली. शेक संपल्यावर तू मैदानावर परत आलास, रोह्याच्या मुलींना शिकवायला, आणि त्या वळलेल्या बोटांवरून स्वतःच विनोद सुरू केलेस. "ही दोन बोटं आता पेन्शनीत." मुली हसाव्यात म्हणून तू बोलायचास, मुली हसायच्या नाहीत.

प्राचीला तू अजून मुंबईला नेलं नव्हतंस. मी विचारलं की आधी तुझे शेक चालू होते, मग तिची परीक्षा होती, मग सरावाचे दिवस होते. प्रत्येक कारण खरं होतं.

त्या सरावात मी हजर होतो, म्हणून हे पाहिलेलं लिहितो. प्राची उजवा कोपरा. घोटा धरताना तिचं कोपर बाहेर राहत होतं. "कोपर आत, गो, कोपर आत. कितींदा सांगू," म्हणत तू पुढे झालास आणि चांगल्या हाताने तिचा दंड कोपराच्या वर धरून आत दाबलास. तिने हात हिसडून घेतला. "बाबा, तिथं नको."

तू हात सोडलास. शिट्टी वाजवलीस. सराव पुढे चालू राहिला.

संध्याकाळी तू मला कुंडलिकेच्या पुलावर घेऊन गेलास. पुलावरून मोटारसायकली जात होत्या आणि तू कठड्याला टेकून उभा होतास.

"तिला पन हाय," तू म्हणालास.

"काय?"

"बटण."

मी म्हणालो, उद्याच डॉक्टर बाईंना फोन करतो. तू म्हणालास, कुनाला बोलायचं नाय, सुरेखाला पन नाय. इथून वाद सुरू झाला आणि तो फोनवर, घरी, कंपनीच्या गेटबाहेर, दवाखान्याच्या रांगेत चालूच राहिला.

तुझं म्हणणं मी जसंच्या तसं लिहितो, कारण त्यात तथ्य नव्हतं असं नाही. "माज्या हाताकडं बघ. घराची चावी फिरत नाय मला. सुरी लावली तवा हात गेला, आधी नव्हता गेला. ती कोपरा हाय. कोपऱ्याचा हात गेल्यावर राहतं काय?"

"जीव राहतो."

"माजा राहनार हाय का? ते सांग आधी."

तेव्हा फुफ्फुसाचा फोटो झालेला नव्हता. तुला काय वाटत होतं ते मला माहीत नाही.

मी सांगितलं, दोन्ही गाठी एका जातीच्या असतीलच असं नाही, साधी असेल तर नस ठेवून नुसती गाठ काढता येते, बाईंनीच सांगितलंय. तू म्हणालास, "तुला काय म्हाईत? तू बातम्या छापतोस, हात फाडत नाहीस." मी म्हणालो, थांबलास तर साधीची वाईट होऊ शकते, तुझी झाली. त्यावर तू म्हणालास, "जिल्ह्याची निवड होऊ दे. मग बघू."

वहिनींपासून ते लपलं नाही. पोरीने आईला आधीच सांगितलं होतं. पोर तुझ्या भीतीने गप्प होती, आई तुझ्या आजाराने, आणि तू दोघींच्या काळजीने. एका घरात त्या दोघी तुझ्यापासून आणि तू त्यांच्यापासून एकच गोष्ट लपवत होतात.

खोकला सुरू झाला. फुफ्फुसात डाग निघाले. केमो झाली, ती तुला मानवली नाही. त्याच दिवसांत जिल्हा निवड चाचणी आली. प्राची खेळली आणि निवडली गेली. घरी आली तेव्हा मी तुझ्या पलंगाशी बसलो होतो. तू उशीवरून मान उचलून विचारलंस, "उजव्या हातानं किती धरल्या?"

"तीन."

"दुखलं?"

"नाय बाबा."

तू मान खाली ठेवलीस. वहिनींनी मला नंतर सांगितलं की चाचणीहून येताना तिने रिक्षात बर्फाची पिशवी दंडाला लावली होती आणि घराच्या दारात टाकून दिली होती. हे तुला कळलं होतं की नाही, याची मला खात्री करता आलेली नाही.

शेवटच्या भेटीत तुला बोलताना दम लागत होता. प्राची पाणी द्यायला आली. तू पेल्याकडे पाहिलं नाहीस, तिच्या कोपराकडे पाहिलंस. ती आत गेल्यावर मी विचारलं, "जनार्दन, नेऊ का तिला?" तू डोळे मिटलेस. मी उत्तराची वाट पाहिली. मग तुला झोप लागली. ते हो होतं की नाही, मी तेव्हा ठरवलं नाही आणि आजही ठरवत नाही.

तुझे दिवस व्हायच्या आधीच वहिनींनी मला फोन केला. "भावोजी, गाडी आना. डॉक्टरीनबाईनी उद्या बोलावलंय." मी पोहोचलो तेव्हा तुझी थोरली बहीण दारात उभी होती. तिचं म्हणणं, सुतकात उंबरठा ओलांडून एवढ्या लांब जायचं नाही, आधी दिवस होऊ देत, दहाव्याला कावळा शिवू दे, नायतर भावाचा जीव अडकंल. ती रडत होती. वहिनींनी पायात चपला घातल्या. "अक्का, सुतक देवाला हाय. दवाखान्याला नाय. आनि त्यांचा जीव कुठं अडकलाय ते मला म्हाईत हाय, तिकडंच चाललेय मी." मग प्राचीला म्हणाल्या, "चल गो." अक्का बाजूला झाली. तिने गाडीत पाण्याची बाटली ठेवली.

डॉक्टर बाईंना तुझी बातमी वहिनींनी सांगितली. त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटतं." मग प्राचीची पाठ पाहिली. गाठीवर बोटाने हलकेच टिचकी मारली. "कुठे जातंय?" प्राची म्हणाली, "करंगळीत." मी दुसरीकडे पाहिलं. गाठ आडवी हलत होती, उभी हलत नव्हती. त्यांनी हिलाही कागद धरायला दिला. तो निघाला नाही, पण डाव्या हाताइतकी पकड घट्ट नव्हती, असं त्यांनी नोंदवलं.

एमआरआय झाला. गाठ बोराएवढी, कडा स्वच्छ, नसेच्या एका कडेला. चित्र चांगलं आहे, पण चित्रावर मी विश्वास ठेवत नाही, असं त्या म्हणाल्या. ऑपरेशन कसं करणार ते त्यांनी वहिनींना समजेल असं सांगितलं. नस म्हणजे एक तार नाही, बारीक धाग्यांचा पेड आहे. गाठ वाढते तसे धागे तिच्यावर पसरतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका जागी हलका करंट द्यायचा. जिथे दिला की बोटं हलतात, तिथे हात लावायचा नाही. जिथे हलत नाहीत, तिथे आवरण उघडायचं आणि शेंगेतून दाणा काढावा तशी गाठ बाहेर घ्यायची. अशा घराण्यातून येणाऱ्या गाठींमध्ये कधी कधी धागे आतून जातात, तसं असेल तर एखादा कापावा लागेल. तो कुठला असेल ते आज सांगता येणार नाही.

"आणि वाईट निघाली तर?" वहिनींनी विचारलं.

"तर पुन्हा बसून बोलू. आज नाही."

प्राचीने त्या सगळ्यात एकदाच तोंड उघडलं. "मॅडम, मला कोपरा खेळता येईल?" बाई म्हणाल्या, "उजव्यावर खेळतेस की डाव्यावर?" "उजव्यावर." "बाबा डाव्यावर होते ना? मला सांगितलं होतं त्यांनी." मग त्यांनी फाइल मिटली. तू असतास तर ही बगल तू लगेच पकडली असतीस.

ऑपरेशनच्या दिवशी वहिनी बाहेरच्या खुर्चीत तुझी शिट्टी मुठीत धरून बसल्या होत्या. ठरल्यापेक्षा वेळ जास्त लागत होता. दार उघडलं की त्या उठायच्या, दुसऱ्याच कोणाचं नाव पुकारलं गेलं की बसायच्या. मी चौकशीच्या खिडकीवर दोनदा गेलो. "चालू आहे," एवढंच उत्तर मिळालं. वहिनी म्हणाल्या, "चालू हाय म्हनजे चांगलं का वाईट?" मी म्हणालो, चालू आहे म्हणजे चालू आहे. त्या म्हणाल्या, "तुमी पन त्यांच्यासारकंच. सरळ बोलत नाय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ते असते तर इथं बसले नसते. खाली चहावाल्याला बटण दाबायला लावत बसले असते." मग त्या पहिल्यांदा रडल्या.

डॉक्टर बाईंनी बाहेर येऊन सांगितलं ते असं. गाठ अख्खी निघाली. एक धागा तिच्या आतून जात होता, तो कापावा लागला. त्याला करंट दिला तेव्हा एकही बोट हललं नव्हतं, म्हणून कापला. करंगळीच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा राहील, कदाचित कायमचा. बाकी धागे शाबूत आहेत असं मला दिसलं, पण हात जागा झाल्यावर बोलू. गाठ तपासणीला पाठवली आहे.

जनार्दन, आपला वाद इथे येऊन थांबला आहे. तू म्हणाला होतास, सुरी लावली की हात जातो. मी म्हणालो होतो, थांबलं तर जीव जातो. माझ्या म्हणण्याचा निकाल प्रयोगशाळेत आहे. हे लिहीपर्यंत अहवाल आलेला नाही. वहिनी फोन हातातून खाली ठेवत नाहीत.

तुझ्या म्हणण्याबद्दल जे घडलं ते मी समोर पाहिलं. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाई वॉर्डात आल्या. दंडाला पट्टी होती, बोटं मोकळी होती. त्यांनी प्राचीला बोटं पसरायला सांगितली. तिने पसरली, चारही, करंगळी जरा उशिराने. बाईंनी टेबलावरचा कागद घेतला, घडी घातली, अनामिका आणि करंगळीच्या मध्ये ठेवली.

"घट्ट धर. मी ओढते, सोडायचं नाही."

त्यांनी ओढला. मग जोरात ओढला. कागद फाटला. अर्धा त्यांच्या हातात आला, अर्धा प्राचीच्या बोटांत राहिला.